हॅरिस, ओळखपत्र आणि तो नकाशा

नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा निकाल लागला आणि लगोलग एक नकाशा फिरायला लागला. सोबत एकच ओळ: ‘ज्या राज्यांत मतदानाला ओळखपत्र लागत नाही, फक्त तिथेच कमला हॅरिस जिंकल्या.’ मराठी ग्रुपांवर येईपर्यंत त्याला शेपूट फुटलं होतं. तिथे कोणीही जाऊन मत टाकतं, बाहेरून आलेले लाखोंनी मतदान करतात, कॅलिफोर्नियाने तर ओळखपत्र मागायलाच बंदी केली, मग ट्रम्प यांनी एका सहीत सगळा गोंधळ संपवला. आणि शेवटी आपलीच पाठ थोपटून घेणारं ‘जगाने भारताकडून शिकावं’. कुठे निवडणूक आली की हा मेसेज पुन्हा वर येतो, म्हणून एकदाच मुद्दे घेऊन बघू.

आधी एक सांगून ठेवतो. मतदानाच्या वेळी ओळखपत्र मागण्यात मला काही वावगं वाटत नाही, फक्त ते प्रत्येकाला फुकट आणि हेलपाटे न घालता मिळालं पाहिजे. तो वाद वेगळा आहे. इथे प्रश्न एवढाच, की मेसेजमध्ये लिहिलंय ते खरं आहे का.

‘हॅरिस फक्त ओळखपत्र नसलेल्या राज्यांत जिंकल्या’

हे तर मोजून बघता येतं. २०२४ च्या निवडणुकीत मतदान केंद्रावर ओळखपत्र दाखवण्याची सर्वसाधारण अट नव्हती अशी १४ राज्यं: कॅलिफोर्निया, हवाई, इलिनॉय, मेन, मेरीलँड, मॅसॅच्युसेट्स, मिनेसोटा, नेवाडा, न्यू जर्सी, न्यू मेक्सिको, न्यूयॉर्क, ओरेगन, पेनसिल्व्हेनिया आणि व्हरमाँट. उरलेल्या ३६ राज्यांत कोणत्या ना कोणत्या प्रकारे ओळखपत्र विचारलं जातं.

हॅरिस यांना मिळाली १९ राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन. त्या १९ पैकी सात राज्यं ओळखपत्र विचारणाऱ्यांतली आहेत: कोलोरॅडो, कनेक्टिकट, डेलावेअर, न्यू हॅम्पशर, ऱ्होड आयलंड, व्हर्जिनिया आणि वॉशिंग्टन राज्य. ऱ्होड आयलंडचा किस्सा तर मुद्दाम सांगण्यासारखा. तिथला ओळखपत्राचा कायदा २०११ चा, आणि तो करणाऱ्या विधिमंडळात बहुमत हॅरिस यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचं होतं.

उलट बाजूनेही बघा. वरच्या १४ पैकी दोन राज्यं ट्रम्प यांनी जिंकली, नेवाडा आणि पेनसिल्व्हेनिया. पेनसिल्व्हेनिया म्हणजे १९ निर्वाचक मतं (अध्यक्ष निवडताना राज्याच्या वाट्याला येणारी मतं) आणि सगळ्या प्रचाराचा केंद्रबिंदू. ओळखपत्र न मागणं हीच डेमोक्रॅटांची युक्ती असती, तर ती नेमकी तिथेच कशी फसली, याचं उत्तर मेसेजमध्ये नाही.

‘बरं, फक्त म्हणू नका, पण बहुतेक तरी?’ हो, ओळखपत्र न मागणारी बरीच राज्यं डेमोक्रॅटिक आहेत. पण त्यात आधी काय आणि नंतर काय ते बघायला हवं. असे कायदे राज्यांची विधिमंडळं करतात. गेल्या वीसेक वर्षांत रिपब्लिकन (ट्रम्प यांच्या पक्षाच्या) बहुमताच्या विधिमंडळांनी ते हिरिरीने केले, डेमोक्रॅटिक बहुमताच्या विधिमंडळांनी सहसा केले नाहीत. म्हणजे राज्याचा राजकीय कल आधी आणि कायदा त्याच्या मागून. कडक फोटो ओळखपत्राची सुरुवात करणाऱ्यांत इंडियाना हे राज्य होतं, २००५ साली. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा सहा विरुद्ध तीन मतांनी कायम ठेवला आणि त्याच वर्षी, तोच कायदा लागू असताना, इंडियानाने ओबामांना निवडलं. २०२० मध्ये जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन, दोन्हीकडे कडक फोटो ओळखपत्र, दोन्हीकडे बायडेन. ओबामा आणि बायडेन, दोघेही डेमोक्रॅट. या तीन निकालांपुढे नकाशाची सगळी जादू उतरते.

‘तिथे कोणीही जाऊन मत टाकतं’

न्यू जर्सी घेऊ, कारण तिथे मराठी माणूस भरपूर आहे आणि त्याला विचारून खात्री करता येईल. मतदार केंद्रावर जातो, नाव आणि पत्ता सांगतो. कर्मचारी यादीत नाव शोधतो. मतदार सही करतो आणि ती सही नोंदणीच्या वेळच्या सहीशी ताडून बघतात. यादीत नाव नसेल किंवा शंका असेल तर तात्पुरती मतपत्रिका देतात, ती वेगळी ठेवली जाते आणि पात्रता तपासल्यावरच मोजली जाते.

मुख्य चाळणी त्याच्याही आधी लागते, नोंदणी करताना. २००२ च्या संघीय कायद्यानुसार नोंदणी अर्जात ड्रायव्हिंग लायसन्सचा क्रमांक किंवा सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे द्यावे लागतात आणि राज्याने ते सरकारी नोंदींशी जुळवून बघायचे असतात. टपालाने नोंदणी केलेल्या आणि पहिल्यांदाच मत देणाऱ्याची ओळख अशी पटलेली नसेल, तर त्याला कागद दाखवावाच लागतो, राज्य कुठलंही असो.

शिवाय ‘ओळखपत्र लागतं’ हेही सगळीकडे सारखं नाही. डेलावेअरमध्ये कागद नसेल तर प्रतिज्ञापत्रावर सही करून मत देता येतं. टेक्सासमध्ये पिस्तूल बाळगण्याचा परवाना चालतो, पण राज्याच्याच विद्यापीठाचं विद्यार्थी ओळखपत्र चालत नाही! नकाशावर हे सगळं एकाच रंगात रंगवलेलं असतं.

‘नागरिक नसलेले लाखोंनी मत देतात’

संघीय निवडणुकीत परकीय नागरिकाने मत देणं १९९६ च्या कायद्याने गुन्हा आहे. तुरुंग होऊ शकतो आणि देशाबाहेर काढलं जाऊ शकतं. तरी कोणी देतच नाही असं मी म्हणणार नाही, सापडतात. किती, ते बघा. जॉर्जियात रिपब्लिकन ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ (तिथे निवडणुकांचा कारभार बघणारा निर्वाचित अधिकारी, आपल्याकडच्या अर्थाने परराष्ट्रमंत्री नव्हे, हे भाषांतर करणाऱ्यांनी घोळात टाकलेलं पद आहे) ब्रॅड रॅफेन्स्पर्गर यांनी २०२४ मध्ये राज्याची यादी तपासून घेतली. सुमारे ८२ लाख मतदारांत नागरिक नसलेले २० सापडले.

उलट पुरावा मागण्याचा अट्टाहास केला की काय होतं, ते कॅन्ससने करून बघितलं. नोंदणीलाच नागरिकत्वाचा कागद हवा असा कायदा तिथे लागू झाला आणि ३१ हजारांहून अधिक लोकांची नोंदणी अडकली. त्यातले बहुतेक सगळे रीतसर नागरिक होते. जन्माचा दाखला किंवा पासपोर्ट हाताशी नव्हता, एवढंच. २०१८ मध्ये न्यायालयाने तो कायदा रद्द केला आणि २०२० मध्ये अपील न्यायालयानेही तेच म्हटलं.

हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांपैकी कोणाचा मुलगा, भाची, पुतण्या ग्रीन कार्डावर असेल तर त्यांनाच विचारा. लायसन्सच्या कचेरीत अर्ज भरताना मतदार नोंदणीचाही प्रश्न समोर येतो, १९९३ च्या कायद्याने तशी सोय केली आहे. तिथे घाईत चुकीची खूण झाली तर ती पुढे नडते. नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात सरळ विचारलेलं असतं, ‘तुम्ही कधी मतदार म्हणून नोंदणी केली किंवा मत दिलं आहे का?’ एका मतासाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षा पणाला लावणारा माणूस मला तरी आपल्या लोकांत भेटलेला नाही.

एक अपवाद मात्र खरा आहे. मेरीलँडमधल्या टाकोमा पार्कसारख्या मोजक्या गावांत स्थानिक निवडणुकीपुरता परकीय रहिवाशांनाही मताधिकार आहे. ती मतं गावच्या कौन्सिलसाठी असतात, अध्यक्षासाठी नाहीत.

‘कॅलिफोर्नियाने ओळखपत्र मागायला बंदी घातली’

यात थोडं तथ्य आहे. मार्च २०२४ मध्ये हंटिंग्टन बीच शहराच्या मतदारांनी आपल्या शहरापुरती ओळखपत्राची अट मंजूर केली. त्यावर राज्याने कायदा केला, की एखाद्या शहराने किंवा काउंटीने आपल्या मनाने अशी अट घालायची नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यावर गव्हर्नरची (राज्याच्या निवडून आलेल्या प्रमुखाची) सही झाली आणि लागू झाला तो १ जानेवारी २०२५ पासून. म्हणजे हॅरिस यांच्या निवडणुकीत तो अमलातच नव्हता. आणि कॅलिफोर्नियात त्याआधीही बहुतेक मतदारांना ओळखपत्र विचारत नव्हतेच.

‘ट्रम्प यांनी एका सहीत सगळं बंद केलं’

एका अध्यक्षीय आदेशावर सही झाली, २५ मार्च २०२५ ला. त्या आदेशात संघीय नोंदणी अर्जासाठी नागरिकत्वाच्या कागदी पुराव्याची अट होती. पण अमेरिकेच्या राज्यघटनेत निवडणुकीची वेळ, जागा आणि पद्धत ठरवण्याचा अधिकार राज्यांच्या विधिमंडळांना दिला आहे आणि त्यात बदल करण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला. अध्यक्षांचं नाव त्या कलमात नाही. न्यायालयाने आधी ही अट तात्पुरती थांबवली आणि ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस कायमची रोखली. याच विषयावरचं विधेयक एप्रिल २०२५ मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झालं, तेव्हा ‘कायदा झाला’ म्हणून पेढे वाटणारे मेसेज आले. पण सिनेट, म्हणजे संसदेचं दुसरं सभागृह, अजून बाकी होती.

राज्यांच्या पातळीवर हा घोळ आणखी मोठा. दरवर्षी निवडणुकांवरची विधेयकं ढिगाने मांडली जातात आणि बहुतेक समितीतच संपतात. त्यातून तगलेलं विधेयक दोन्ही सभागृहांतून जातं (नेब्रास्कात सभागृहच एक), मग गव्हर्नरची सही किंवा नकार, मग कोर्ट, मग अंमलाची तारीख. पेनसिल्व्हेनियाचंच बघा. २०१२ मध्ये ओळखपत्राचा कायदा झाला, २०१४ मध्ये कोर्टाने मोडीत काढला. २०२१ मध्ये पुन्हा विधेयक आलं, गव्हर्नरने नाकारलं. या चारपैकी कुठल्याही टप्प्याचा स्क्रीनशॉट घेतला तर वेगळीच बातमी होते.

   

‘भारताकडून शिका’

गंमत म्हणजे हे वाक्य ट्रम्प यांच्या त्या आदेशातही आहे. भारत आणि ब्राझील मतदाराची ओळख बायोमेट्रिक माहितीशी जोडत आहेत, अशा अर्थाचं. आपल्याकडच्या मतदाराला विचारा, केंद्रावर अंगठ्याचा ठसा कोणी जुळवून बघितला का? आधार मतदार नोंदीशी जोडायला २०२१ च्या दुरुस्तीने मुभा मिळाली, पण निवडणूक आयोगाच्या म्हणण्यानुसार ते ऐच्छिक आहे. आणि आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही.

मतदार कार्ड नसेल तरीही आपल्याकडे मत देता येतं. आयोग १२ पर्यायी कागदपत्रं मान्य करतो. त्यात आधार, पॅन, पासपोर्ट, लायसन्स आहेतच, पण रोजगार हमीचं जॉब कार्ड आणि बँकेचं किंवा पोस्टाचं फोटो असलेलं पासबुकही आहे. याउलट कार्ड खिशात आणि यादीत नाव नाही, तर कितीही हुज्जत घाला, मत मिळत नाही. मतदानाच्या दिवशी आपल्याकडे होणारी ओरड बहुतेक वेळा यादीतून गायब झालेल्या नावांची असते. सगळा भार यादीवर, आणि न्यू जर्सीतही तसंच आहे.

राहिला तो नकाशा

तो दरवर्षी बदलतो. नेब्रास्कात २०२२ च्या सार्वमतानंतर २०२४ पासून ओळखपत्र लागायला लागलं. नॉर्थ कॅरोलायनात २०१८ मध्ये घटनादुरुस्ती झाली, कायदा कोर्टात अडकला, डिसेंबर २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि निवडणुकीनंतर न्यायाधीश बदलल्यावर एप्रिल २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने आपला निकाल फिरवला. मेनच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये ओळखपत्राचा प्रस्ताव फेटाळला. नेवाडाने नोव्हेंबर २०२४ मध्ये, म्हणजे ट्रम्प यांना निवडलं त्याच दिवशी, सुमारे ७३ टक्के मतांनी ओळखपत्राच्या बाजूने कौल दिला. पण तिथे अशी घटनादुरुस्ती लागोपाठ दोनदा मंजूर व्हावी लागते, आणि दुसरा कौल नोव्हेंबर २०२६ चा.