गणसंख्येअभावी

गेल्या रविवारी संध्याकाळी मी आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या पायरीवर, चपलांच्या फडताळाला टेकून, पत्र्याच्या कडेवरून गळणारे श्रावणातले पाणी मानेवर झेलत पस्तीस मिनिटे उभा होतो. आत पंख्याखाली दहा माणसे बटाटेवडे खात होती. मी त्या वाचनालयाचा आजीव सभासद आहे, वार्षिक सर्वसाधारण सभेची रीतसर सूचना माझ्या खिशात होती, आणि मला आत येऊ न देण्याचे एकमेव कारण असे होते की मी वेळेवर आलो होतो.

ज्यांनी आयुष्यात एखाद्या संस्थेची सभा पाहिली आहे, त्यांना सूचनेच्या तळाची ती बारीक टीप पाठ असेल. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल आणि तिला गणसंख्येची अट राहणार नाही. ही टीप अडीअडचणीसाठी असते, असा माझा इतकी वर्षे समज होता. प्रत्यक्षात सभा त्या टिपेतच असते. वरचा कागद केवळ तिला डोक्यावर छप्पर असावे म्हणून छापतात. हे मला कळायला वयाची सत्तावन्न वर्षे आणि एक ओला सदरा लागला.

आमच्या वाचनालयाच्या नियमावलीप्रमाणे गणसंख्या, म्हणजे सभा भरण्यासाठी हजर असावेच लागणारे किमान सभासद, 11. मी पाच वाजायला पाच मिनिटे असताना चपला काढल्या, फडताळात नीट ठेवल्या, आणि उंबऱ्यावर पाय टाकणार तोच आतून कार्यवाह दोन्ही हात पसरून धावत आले. हे गृहस्थ निवृत्त नाझर आहेत. 34 वर्षे कोर्टात काढल्यामुळे त्यांचे साधे बोलणेसुद्धा समन्स बजावल्यासारखे असते.

“थांबा! उंबरा ओलांडू नका.”

मला वाटले, नुकतीच फरशी पुसली असेल. मी पाय मागे घेतला.

“आत दहा जण बसलेले आहेत,” ते दबक्या आवाजात म्हणाले. “तुम्ही अकरावे.”

“मग उत्तमच झाले. गणसंख्या भरली. सुरू करा सभा.”

“तेच तर होऊ द्यायचे नाही, साहेब.”

त्यांनी छातीशी धरलेली इतिवृत्ताची वही उघडून माझ्यापुढे धरली. रेघा मारलेल्या पानावर मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेले होते की सभा ठीक पाच वाजता सुरू झाली, परंतु आवश्यक 11 सभासदांपैकी केवळ 10 सभासद उपस्थित असल्याने ती अर्धा तास तहकूब करण्यात आली. खाली दहा जणांची नावे अनुक्रमांकासह होती. शाई केव्हाच वाळलेली होती. भिंतीवरचे घड्याळ पाच वाजायला चार मिनिटे दाखवत होते.

“हे तुम्ही आधीच लिहून ठेवलेत?”

“गुरुवारी.”

“मग राहू द्या की तसेच. मी आत कोपऱ्यात बसतो. कोण विचारायला येणार आहे?”

यावर त्यांच्या चेहऱ्यावर जी वेदना उमटली ती खरी होती, हे मी आजही मान्य करतो. “म्हणजे मी दप्तरात खोटे लिहू?” ते म्हणाले. “अकरा बसलेले असताना दहा लिहू? साहेब, आजवर माझ्या हातून कागदावर एक खोटे अक्षर गेलेले नाही.”

माणसे आपल्या सोयीसाठी कागद बदलतात, हे आपण सगळेच पाहतो. पण कागद आधी लिहून मग त्याच्या अब्रूसाठी भोवतालचे जग दुरुस्त करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी हरत चाललो होतो, तरी वाद सोडला नाही. दहांपैकी एकाला पाच मिनिटे बाहेर पाठवा आणि मला आत घ्या, संख्या दहाच राहील, असा तोडगा मी सुचवला.

“त्यांची नावे लिहून झाली आहेत.”

“आणि समजा, त्यांतला एखादा आलाच नसता तर?”

“घरून आणला असता.” त्यांनी मागे बोट दाखवले. तिसऱ्या रांगेत पंचाऐंशीच्या पुढचे एक आजोबा मान टाकून गाढ झोपले होते. “त्यांना रिक्षाने आणलेले आहे. अनुक्रमांक सात.”

एवढा आटापिटा यंदा विशेष होता, कारण नवे कार्यकारी मंडळ निवडायचे होते. विश्वस्त बदलले की 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाकडे बदल अर्ज जावा लागतो, सोबत सूचना आणि इतिवृत्त यांच्या प्रती जोडाव्या लागतात. त्यात एखादी कानामात्रा चुकली तरी प्रकरण वर्षानुवर्षे लोंबकळते, हे नाझरसाहेबांनी टेबलाच्या पलीकडून पाहिलेले होते. आमची संस्था 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखालीही नोंदलेली आहे आणि 1950 च्या विश्वस्त कायद्याखालीही. दोन कायद्यांना तोंड द्यायचे म्हणजे एका माणसाला पावसात उभे करणे हा खर्च काहीच नव्हे, असा त्यांचा हिशेब असावा. शिवाय त्यांच्यापाशी इतिहासाचाही दाखला होता. पूर्वी एका वर्षी चुकून गणसंख्या भरली, कोणीतरी काचेच्या कपाटाच्या खरेदीबद्दल प्रश्न विचारला, सभा रात्री दहापर्यंत चालली आणि गावातल्या व्यायामशाळेत फूट पडली. कपाट वाचनालयाचे आणि फूट व्यायामशाळेत, हे कसे, असे बाहेरचा माणूस विचारील. दोन्हीकडची माणसे तीच होती.

आमचे गाव तालुक्याचे, वस्ती पंधरा हजारांच्या आतबाहेर. एवढ्या वस्तीत वाचनालय एक, व्यायामशाळा दोन, ज्येष्ठ नागरिक संघ एक, महिला मंडळे दोन, पतसंस्था तीन, आणि गणेशोत्सव मंडळांची मोजदाद पोलीस ठाण्याकडे. जिथे एकाहून अधिक आहेत, तिथे पूर्वी एकच होते असे समजावे. पण या सगळ्या संस्था चालवणारी माणसे मोजली तर ती एका सहा आसनी रिक्षात, थोडे सावरून बसल्यास, मावतील. इकडचा अध्यक्ष तिकडचा खजिनदार असतो, तिकडचा खजिनदार पलीकडचा हिशेब तपासनीस, आणि सर्वांचा फोटोग्राफर एकच. पुण्यात 2 एप्रिल 1870 रोजी सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा 6000 लोकांनी मिळून 95 प्रतिनिधी निवडून दिले होते, आणि त्या कामात स्वतःला झोकून देणाऱ्या गणेश वासुदेव जोशींना लोक ‘सार्वजनिक काका’ म्हणू लागले. आमच्याकडे सध्या असे आठ काका आहेत आणि पुतण्या एकही नाही.

उभे राहायचेच तर निदान पत्र्याच्या आतल्या बाजूला उभा राहतो, असे मी म्हटले. नाझरसाहेबांनी उंबरा, पायरी आणि मी यांच्याकडे पंचनाम्याला आल्यासारखे पाहिले. “दोन्ही पाय पायरीवर असू द्या. एक पाय आत आला तर तुम्ही उपस्थित होता की नव्हता, यावर वाद होऊ शकतो.” तेवढ्यात वड्यांचे ताट आले आणि त्याचा वास दोन्ही कायद्यांना न जुमानता बाहेर आला. मी त्या दिशेने पाहिले. “अल्पोपाहार उपस्थित सभासदांसाठी आहे,” ते ओशाळून म्हणाले, आणि बरोबर पाच वाजता आत जाऊन त्यांनी, मला ऐकू जाईल अशा आवाजात, गणसंख्येअभावी सभा तहकूब केली. दहा जणांनी टाळ्या वाजवल्या. का, ते मला अजून समजलेले नाही.

उभ्या जागेवरून मला खिडकीतून समोरची भिंत दिसत होती. तिच्यावर रंगनाथनांनी 1931 साली मांडलेली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे चौकटीत लावलेली आहेत. ग्रंथ उपयोगासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, वगैरे. चौथे सूत्र आहे, वाचकाचा वेळ वाचवा. मी ते त्या अर्ध्या तासात मोजून चौदा वेळा वाचले. पाचवे सूत्र ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था असल्याचे सांगते. त्यावर नेमके घड्याळ टांगलेले आहे.

चौकटीखालच्या टेबलाशी ग्रंथपाल बाई बसल्या होत्या. सभेच्या दिवशीही त्या देवघेवीच्या कार्डांवर शिक्के मारत होत्या. आत प्रत्यक्षात काम करणारे माणूस तेवढे एकच होते, आणि तेच गणसंख्येत धरलेले नव्हते. त्या पगारी आहेत, असे त्याचे कारण. 1967 च्या ग्रंथालय कायद्याने ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग केले जातात आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळते. आमचे वाचनालय ‘क’ वर्गात आहे. त्या अनुदानातून पुस्तके, मासिके, वीज भागवून बाईंच्या वाट्याला जे येते, त्याला पगार म्हणायला जीभ रेटत नाही. तेवढ्यात गावातला वडेवाला कामाला पोऱ्या ठेवू शकणार नाही. अनुदानाचा हप्ता लांबला की तेही लांबते. बाई गेली अनेक वर्षे रोज कुलूप उघडतात, शाळेच्या मुलांना बोलावून गोष्टींची पुस्तके देतात, पावसाळ्यात पुस्तकांच्या पानांत कडुलिंबाचा पाला घालतात, आणि दर वर्षीच्या इतिवृत्तात शेवटच्या ओळीत त्यांचे ‘आभार’ असतात. ते आभारही गुरुवारीच लिहून होत असणार. हे मला तिथे उभे असताना जेवढे झोंबले, तेवढे गेल्या वर्षी आत वडा खाताना झोंबले नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

गेल्या वर्षी मी सहाला आलो होतो. त्याच्या आदल्या वर्षी आलोच नव्हतो. यंदा वेळेवर येण्याचे कारण समाजसेवा हे नव्हतेच. मी दिवाळी अंक योजनेचे पैसे भरतो. अंक सभासदांमध्ये फिरतात, आणि माझा क्रमांक असा काही लागतो की ते माझ्यापर्यंत होळीच्या सुमारास पोहोचतात. तोवर शब्दकोडी सुटलेली असतात, तीही चुकीची आणि पेनाने. पाककृतींची पाने फाडलेली असतात. वार्षिक राशिभविष्य मी मार्चमध्ये वाचतो, त्यामुळे पहिल्या तिमाहीचे भविष्य मला पडताळूनच पाहता येते. हा विषय मला ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या सदरात मांडायचा होता, आणि त्यासाठी मी चार मुद्द्यांचा कागद लिहून आणला होता. तो वरच्या खिशात भिजत होता.

साडेपाचला पाच मिनिटे कमी असताना अध्यक्ष स्कूटरवरून आले. ते ज्येष्ठ नागरिक संघाचेही अध्यक्ष आहेत आणि संघाची सभा त्याच दिवशी साडेचारला पलीकडच्या आळीत होती. ती तिकडे रीतसर तहकूब होऊन, पाचला पुन्हा भरून, निकालात निघाली होती. त्यांनी हेल्मेट काढले, रेनकोट झटकला आणि काहीही न विचारता माझ्याशेजारी पायरीवर येऊन उभे राहिले.

“तुम्ही आत नाही जाणार?” मी विचारले.

“पाच मिनिटे आहेत अजून,” ते घड्याळ पाहत म्हणाले. “बारा वर्षे झाली, शेवटची पाच मिनिटे मी इथेच काढतो. त्या कोपऱ्यात गळत नाही. तुम्ही फार लवकर येता बुवा.”

आम्ही दोघे गळणाऱ्या आणि न गळणाऱ्या कोपऱ्यांत शेजारी शेजारी उभे राहिलो. साडेपाचला आत घंटा वाजली आणि नाझरसाहेब दारात येऊन “या, या, स्वागत आहे!” असे म्हणाले, जणू मी आताच बसमधून उतरून आलो होतो.

सभा अठरा मिनिटे चालली. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम झाले. ताळेबंद आणि उत्पन्न-खर्च पत्रक ‘वाचले असे समजून’ मंजूर झाले. नव्या कार्यकारी मंडळात उपाध्यक्ष खजिनदार झाले आणि खजिनदार उपाध्यक्ष, आणि दोघांनी एकमेकांना गुलाबाचे फूल दिले. अनुक्रमांक सात यांना हलवून उठवण्यात आले, कारण दुखवट्याच्या ठरावासाठी उभे राहायचे होते. मी खिशातला कागद उलगडला तेव्हा त्यावर ‘दिवाळी’ एवढाच शब्द वाचता येत होता. मी उठून बोलायला लागलो, तर नाझरसाहेबांनी हळूच वही माझ्याकडे फिरवली. ‘ऐनवेळचा कोणताही विषय आला नाही.’ त्याच्या वर ठराव क्रमांक पाच होता, कार्यकारी मंडळाच्या अभिनंदनाचा, आणि अनुमोदक म्हणून पेन्सिलीने माझे नाव लिहिलेले होते.

“हेसुद्धा गुरुवारी?”

“तुम्ही येणार याची खात्री होती,” ते मनापासून म्हणाले. “फक्त सहापर्यंत याल असे धरले होते.”

मी खाली बसलो. कोणी विचारले असते तर बसण्याचे कारण मला सांगता आले नसते. वडे संपले होते. बाईंनी आपल्या बशीतला अर्धा, कागदावर ठेवून, न बोलता माझ्याकडे सरकवला.

निघताना हजेरीपट सहीसाठी पुढे आला. अनुक्रमांक अकरा, नाव, सही, आणि शेवटी ‘आगमनाची वेळ’ असा एक स्तंभ होता. पस्तीस मिनिटांचा सगळा हिशेब मी त्या चिमुकल्या चौकोनात चुकता केला. ठळक, दाबून, खालच्या पानावर ठसा उमटेल अशा अक्षरात मी लिहिले, 4.55. पेन ठेवले आणि वर पाहिले.

नाझरसाहेबांच्या कपाळावर आठीसुद्धा नव्हती. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून व्हाइटनरची बाटली काढली, चौकोनाच्या रेघांना धक्का न लावता आकड्यांवर एक पांढरा पट्टा ओढला, त्यावर वाळेपर्यंत हळुवार फुंकर घातली, आणि माझेच पेन पुन्हा माझ्या हातात देत म्हणाले, “साहेब, आता खरी वेळ लिहा.”