पहिली नोकरी मिळते हो, दुसरीचं काय?

गणपतीची चवथ आटोपून पोरं पुण्या-बंगळूरच्या बसमध्ये बसली, की आमच्या घरच्या ग्रुपवर तो मेसेज हटकून येतो. यंदा तिघांनी पाठवला. वर ठळक अक्षरांत ‘गोव्याची शिकलेली मुलं गोवा का सोडतात?’ आणि खाली सहा कारणं: मुलं सुशेगाद आहेत, सरकारी नोकरीशिवाय त्यांना काही दिसत नाही, हलक्या कामाची लाज वाटते म्हणून परप्रांतीयांनी जागा घेतल्या, आंदोलनं करून आपणच कारखाने हाकलले, पोर्तुगालचा पासपोर्ट हाती आला की झालं, आणि एकदा गेलेलं पोर परत यायला मागत नाही. शेवटी जोडलेल्या हातांची तीन चित्रं.

पाठवणाऱ्या तिघांपैकी दोघांची स्वतःची मुलं बाहेर आहेत, एवढं आधी नोंदवून ठेवतो.

सुशेगादपासून सुरुवात करू. शब्द पोर्तुगीज ‘सोसेगादो’वरून आलेला, अर्थ निवांत. पर्यटनाच्या जाहिरातींनी त्याचा आळशी करून टाकला आणि आपणही तो बिल्ला हौसेनं छातीवर लावला. मेसेजमध्ये पुरावा म्हणून बेरोजगारीचा आकडा टाकलाय. आकडा खोटा नाही. केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणात २०२२-२३ साली गोव्याचा बेरोजगारीचा दर ९.७ टक्के होता आणि देशाचा ३.२. पण तो मोजतात कसा? जो काम शोधतोय किंवा मिळालं तर करायला तयार आहे, आणि तरीही रिकामा आहे, तोच त्यात धरतात. काम नकोच म्हणून सोप्यावर पाय हलवत बसलेला माणूस त्या आकड्यात येतच नाही. म्हणजे आळस सिद्ध करायला जो आकडा आणला, तो काम मागणाऱ्यांचा निघाला.

शिवाय घर सोडणं ही या पिढीची खोड नव्हे. सांकवाळचे बौद्ध पंडित धर्मानंद कोसंबी १८९९ साली संस्कृत शिकायला घर सोडून पुण्याला गेले, तेव्हा मोबाइल नव्हता आणि मॉलही नव्हते. माशेलचे शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर लहानपणीच आईबरोबर मुंबईला गेले. मुंबईच्या धोबीतलाव, माझगाव भागात गावागावांच्या नावानं चालणारे गोवेकरांचे कूड, म्हणजे उतरायच्या सामायिक जागा, होत्या. बोटीवर चढणारा खलाशी आणि आचारी आधी तिथं पेटी ठेवायचा. या सगळ्यांना कुणी सुशेगाद म्हटलं नाही. उलट त्यांच्या मनिऑर्डरींवर घरं शाकारली गेली.

दुसरा मुद्दा सरकारी नोकरीचा. हा अर्धा मान्य. आमच्याकडे मुलगी बघायला येतात तेव्हा ‘परमनंट ना?’ हा प्रश्न चहाच्या आधी येतो. २०२४ च्या शेवटाला नोकरीसाठी पैसे मोजल्याची प्रकरणं उघडी पडली आणि अटका झाल्या, तेव्हा लोकांनी त्या एका खुर्चीसाठी काय काय विकलं, तेही कळलं. पण हा हव्यास का, ते मेसेज सांगत नाही. सरकारातल्या कनिष्ठ कारकुनाचं मूळ वेतन १९,९०० रुपयांपासून सुरू होतं. त्यावर निम्म्याहून जास्त महागाई भत्ता, घरभाडं वेगळं. माझ्या शेजारची मुलगी केमिस्ट्रीत एमएस्सी झाली आणि एका औषध कंपनीत कंत्राटावर लागली. हातात अठरा हजार. सकाळी साडेपाचला कंपनीच्या बससाठी नाक्यावर उभी. अकरा महिने झाले की एक दिवस घरी बसायचं आणि मग नवं कंत्राट. तिच्या आईनं कारकुनाच्या जागेचा फॉर्म भरायला लावला, यात हव्यास कमी आणि साधा हिशेब जास्त आहे.

तिसरा मुद्दा लाजेचा. मालीमच्या जेटीवर ट्रॉलरवर ओडिशा-झारखंडचे खलाशी दिसतात, किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये, म्हणजे झापांच्या हंगामी हॉटेलांत, वेटर बाहेरचे दिसतात, हे खरं. पण इंजिनीअर झालेला मुलगा पुण्याला जातो तो वेटरची जागा गेली म्हणून जात नाही. त्या दोन रांगाच वेगळ्या. आणि शॅकचा हंगाम ऑक्टोबर ते मे. जूनमध्ये माडाची झापं उतरवली की पगारही उतरतो. बाहेरचा माणूस त्या चार महिन्यांत गावी शेतावर जातो. इथल्यानं कुठं जायचं?

आता जे मेसेजमध्ये कुठंच नाही, ते सांगतो.

माझी भाची फर्मागुढीच्या कॉलेजातून कम्प्युटर इंजिनीअर झाली. पर्वरीत एका छोट्या कंपनीत तिला नोकरी मिळालीसुद्धा. घरून डबा, स्कूटर, संध्याकाळी सातला घरी. पगार बेताचा, पण कुणाची तक्रार नव्हती. तीन वर्षांनी तिला त्या ऑफिसातलं सगळं येत होतं आणि तिच्या वर फक्त मालक होता. बढती म्हणजे मालकाची खुर्ची, आणि तीवर मालकाचा मुलगा बसणार हे तोही लपवत नव्हता. तिनं दुसरी नोकरी शोधायला घेतली. गोव्यात तिच्या कामाच्या कंपन्या एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. एकीत जागा नव्हती, एकीत तोच पगार, आणि एकीच्या साहेबानं थेट तिच्या मालकाला फोन करून विचारलं, ‘तुझ्या ऑफिसातली मुलगी माझ्याकडे आली होती, काय करू?’

गोवा लहान आहे, तो असा.

शेवटी ती पुण्याला गेली. तिथं हिंजवडीच्या आयटी पट्ट्यात चहा प्यायला खाली उतरलं तर टपरीवर चार कंपन्यांची माणसं भेटतात. कुठं भरती चालू आहे, कुठला मॅनेजर छळतो, किती मागायचे, सगळं कटिंग संपेपर्यंत कळतं. नोकरी पटली नाही तर रस्ता ओलांडायचा, घर बदलायलाही नको. आमच्याकडे पहिली नोकरी मिळते. दुसरी आणि तिसरी मिळत नाही, आणि माणूस मोठा होतो तो दुसरी-तिसरीत. लग्न झालं की अडचण दुप्पट, कारण दोघंही शिकलेली असतील तर एकाच गावात दोन नोकऱ्या लागतात. भाचीचा नवरा गाड्यांच्या सुट्या भागांचं डिझाइन करतो. गाड्यांच्या कारखान्यांचं चाकण त्याला पुण्याहून जवळ पडतं. गोव्यात त्यानं नेमकं काय करायचं, हे मला त्या तिघांनी सांगावं.

लोहखनिजाच्या खाणी होत्या तेव्हा डिचोली, साखळी, कुडचडे या पट्ट्यात मधल्या पायऱ्या होत्या. डिप्लोमावाला मेकॅनिक, सर्व्हेअर, लॅबमधला केमिस्ट, खनिज नेणाऱ्या बार्जवरचा माणूस. एका खाणीवर जमलं नाही तर दुसरीवर जायचा. २०१२ साली खाणी थांबल्या, मध्ये थोड्या चालल्या आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चपासून पुन्हा बंद. खाणींनी डोंगरांचं आणि शेतांचं काय केलं ते मी डिचोलीत राहून पाहिलंय. त्या तशाच चालू राहायला हव्या होत्या असं म्हणणार नाही. पण त्या गेल्यावर त्यांच्या जागी काय आलं? ट्रक विकले गेले आणि ट्रकवाल्यांची मुलं बाहेर गेली. २०२२ च्या शेवटी लिलाव सुरू झाले, तोवर ती मुलं तिकडे रुळलीसुद्धा.

इथंच चौथा मुद्दा येतो, आंदोलनांनी उद्योग हाकलल्याचा. मेसेजवाल्यांचं हे आवडतं वाक्य. फोंडा तालुक्यातल्या केरीच्या भूतखांब पठाराचं उदाहरण घ्या. नव्वदच्या दशकात तिथं नायलॉनचा कारखाना यायचा होता. विरोध झाला आणि १९९५ साली पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण गेला. कारखाना आला नाही. पुढं तीच जमीन सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, दिली गेली. पुन्हा विरोध झाला, आणि २००७ च्या अखेरीस सरकारनं राज्यातले सेझच नको म्हणून जाहीर केलं. दोना पावलाचं आयटी हॅबिटॅट, म्हणजे आयटी कंपन्यांची वसाहत, प्लॉटवाटपाच्या वादात अडकलं. सत्तरीत मेळावलीला आयआयटी यायची होती, ती २०२१ च्या जानेवारीत तिथून हलवायचं ठरलं. प्रत्येक वेळी भांडण जमिनीचं होतं: कुणाची, किती, कुणाला विचारून. नोकऱ्या नकोत असं कुठल्या ग्रामसभेनं म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

कबूल करायचं तर एक आहे. ‘हे नको’ म्हणणं आम्हाला छान जमलं, ‘मग हे आणा’ हे त्याच जोरानं म्हटलं नाही. पण नुसती संस्था आणून भागतं असंही नाही. झुआरीनगरला बिट्स या इंजिनीअरिंगच्या नामांकित संस्थेचा कॅम्पस २००४ पासून आहे. देशभरची हुशार पोरं येतात, चार वर्षं मासे खातात आणि पदवी घेऊन बंगळूरला जातात. ती कुठं सुशेगाद होती?

पासपोर्टचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो, कारण तो या विषयातलाच नाही. गोवा मुक्त झाला त्या १९ डिसेंबर १९६१ च्या आधी इथं जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं. त्या वाटेनं इंग्लंडातल्या स्विंडनला गेलेल्यांत गोदामात पेट्या भरणारे पुष्कळ, आणि ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर २०२१ पासून ती वाटही अरुंद झाली. माझ्या भाचीच्या आजोबांकडे तसा जन्मदाखला आहे, कपाटात पडून. ती गेली पुण्याला.

राहिला शेवटचा, परत न येण्याचा. हा मला सगळ्यात जास्त झोंबतो. २०२० साली टाळेबंदी झाली आणि कंपन्यांनी घरून काम करा म्हटलं, तेव्हा ही पोरं काय करत होती? भाची डिचोलीला हजर. पावसात वीज जायची म्हणून मेहुण्यानं इन्व्हर्टर घेतला. नेटवर्क फक्त माडीच्या पश्चिमेच्या खिडकीत, म्हणून तिथं टेबल लावलं. मीटिंग चालू असताना खालून पाव विकणाऱ्या पोदेराचा पोंपों ऐकू यायचा आणि हैदराबादचा तिचा साहेब विचारायचा, हे काय वाजतंय? सव्वा वर्ष ती तशी राहिली. पुण्याच्या खोलीचं भाडं सोडून दिलं होतं. मग कंपनीनं आठवड्यात तीन दिवस ऑफिस सक्तीचं केलं.

गंमत अशी, की त्याच काळात दिल्ली-मुंबईची लॅपटॉपवाली मंडळी आसगावात घरं भाड्यानं घेऊन राहिली आणि ती अजून आहेत. त्यांच्यामुळे तिथलं भाडं असं चढलं, की गोव्यात पगार मिळवणाऱ्याला आसगाव परवडत नाही. हिंजवडीत आसगावच्या पोरानं भाडं भरायचं आणि आसगावात गुरुग्रामच्या पोरानं.

मागच्या महिन्यात भाचीचा फोन आला. ‘मामा, पर्वरीत, वेर्ण्यात कुठं काही निघालं तर सांग. पगार थोडा कमी चालेल.’ मी दोन ठिकाणी विचारलं. पहिल्यानं थोडा कमी म्हणून जो आकडा सांगितला, तो तिच्या आताच्या पगाराच्या निम्म्याखाली होता. दुसऱ्यानं बायोडाटा बघितला, परत दिला आणि म्हणाला, ‘एवढा अनुभव असलेल्या माणसाला देण्यासारखं काम आमच्याकडे नाही.’

तिला अजून कळवलेलं नाही.