गवताला गवत राहू द्या

गेल्या शनिवारी कॅन्सस राज्यातल्या फ्लिंट हिल्समधून एकटीने सायकल चालवली. कौन्सिल ग्रोव्ह ते कॅसोडे, महामार्ग 177. अंतर 47 मैल, म्हणजे साधारण 76 किलोमीटर, शिवाय मध्ये कच्च्या रस्त्यावरचा एक फेरा. सोमवारी ऑफिसात सांगितलं तर पहिला प्रश्न आला, "तिकडे आहे काय बघायला? नुसतं गवतच ना?" हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आलेय. मी सोलापूरची. नान्नजच्या माळाबद्दलही लोक अगदी हेच म्हणायचे. तेव्हा उत्तर देता यायचं नाही. आता येतं, म्हणून एवढं लिहितेय.

सकाळी साडेसहाला निघाले. गाव संपलं की दहा मिनिटांत झाडंही संपतात. उरतात फक्त टेकड्या, एकीमागून एक, आणि त्यावर सप्टेंबरचं गवत, तांबूस, जांभळट, मध्येच सोनेरी. नवाच्या सुमाराला वारा उठला. दक्षिणेचा, म्हणजे थेट तोंडावर. कान्सा या इथल्या मूळ रहिवाशांवरून या राज्याला नाव मिळालं आणि त्या नावाचा अर्थ 'दक्षिण वाऱ्याची माणसं' असा सांगतात. कौन्सिल ग्रोव्हच्या आसपास त्यांची राखीव जमीन होती. 1873 मध्ये त्यांना तिथून उठवून आजच्या ओक्लाहोमात पाठवलं. वारा मात्र राहिला. त्याच्याशी भांडून उपयोग नाही. गिअर उतरवायचा, कोपरं आत घ्यायची, ताशी बारा किलोमीटर मिळतात तर बाराच घ्यायचे. घाट चढताना निदान माथा दिसतो. वाऱ्याला माथा नसतो.

स्ट्राँग सिटीच्या थोडं अलीकडे टॉलग्रास प्रेअरीचं, म्हणजे उंच गवताच्या माळाचं, राष्ट्रीय राखीव क्षेत्र लागतं. 1996 साली झालं, जवळपास 10,900 एकर. 2009 मध्ये तिथे बायसन परत आणले. उत्तर अमेरिकेत असं उंच गवत एके काळी 17 कोटी एकरांवर होतं. आज 4 टक्केही उरलेलं नाही, आणि जे उरलंय त्यातलं बहुतेक याच टेकड्यांवर आहे. बाकी सगळ्यावर नांगर फिरला आणि मका-सोयाबीन आलं. इथे का फिरला नाही, ते मला बझार नावाचं गाव ओलांडल्यावर कळलं.

गाड्या नकोत म्हणून कच्च्या रस्त्याला वळले आणि तिसऱ्या मैलावर मागचं चाक फुसकन बसलं. टायरला बोटाच्या पेराएवढी चीर, आणि तिच्यात अडकलेला करड्या गारगोटीचा कपचा, ब्लेडसारख्या धारेचा. फ्लिंट म्हणजे हीच आपली चकमक. चुनखडीत तिचे थरच्या थर आहेत, वर माती पातळ. नांगराचा फाळ इथे चालेना, म्हणून लोकांनी जमीन गुरांना सोडली. मघाशी ज्या दगडाने माझा टायर फाडला त्याच दगडाने हे गवत वाचवलंय. तो कपचा मी खिशात टाकला, आता टेबलावर आहे. टायरला आतून डॉलरच्या नोटेची घडी लावली, ट्यूब बदलली, आणि हवा भरून झाली तरी लगेच उठले नाही.

कारण खाली बसल्यावर गवत डोळ्यांच्या पातळीवर आलं होतं. बिग ब्लूस्टेम, माझ्या डोक्याहून उंच, शेंड्याला तीन फाटे, कोंबडीच्या पायासारखे. त्याच्या शेजारी इंडियन ग्रास, पिवळ्या तुऱ्याचं. हातात घेऊन बघितलं तर कणसात आलेली बारीक ज्वारीच! आणि ते नुसतं दिसण्यापुरतं नाही. ब्लूस्टेम, इंडियन ग्रास, आपली ज्वारी, ऊस, माळावरचं मारवेल आणि पवन्या ही सगळी गवतांच्या एकाच शाखेतली. मंगळवेढ्याची मालदांडी खाऊन वाढलेल्या मला त्या उजाड म्हणवणाऱ्या मुलखात नातेवाईक भेटल्यासारखं झालं. बुंध्याशी मोनार्क फुलपाखरं बसली होती, सहा-सात असतील. मेक्सिकोकडे निघालेली. समोरचा वारा त्यांनाही झेपत नसावा, तीही थांबली होती. आणि जे दिसत नव्हतं ते जास्त होतं. या गवताची मुळं दोन-तीन मीटर खोल जातात. जंगल वर उभं असतं, माळ बराचसा जमिनीखाली असतो. वरचं जळलं, चरलं, वाळलं तरी खालचा संसार शाबूत.

एक पिकअप थांबला. हॅट घातलेला म्हातारा शेतकरी. "सगळं ठीक आहे ना? पाणी आहे?" दोन्ही आहे म्हटल्यावर निघाला नाही, बोलत राहिला. पलीकडच्या उतारावर काळपट हिरवी झाडं होती, सीडरची, ती दाखवली. म्हणाला, त्या जमिनीत बरीच वर्षं आग फिरली नाही, आता तिथे गुरांना काही मिळत नाही. इथले लोक दर वसंतात गवत पेटवतात, त्यांच्या आधी मूळ रहिवासी पेटवायचे. कॅन्ससमधल्याच मॅनहॅटन गावाजवळच्या कोंझा प्रेअरीवर 1970 च्या दशकापासून यावर प्रयोग चाललेत: काही तुकडे दरवर्षी जाळतात, काही अधूनमधून, काही कधीच नाही. न जाळलेल्या तुकड्यांत काही दशकांत झुडपं आणि झाडं भरली, गवत मागे हटलं. म्हणजे झाड वाढलं की निसर्ग वाढला, हे गणित प्रत्येक जमिनीला लागू होत नाही.

आपल्या माळावर आगी लावा असं मी म्हणत नाहीये. आपली माती वेगळी, पाऊस वेगळा, तिथलं तिथल्या अभ्यासकांनी ठरवावं. पण तिथे झाडं लावायला खड्डे खणू नका, एवढं नक्की म्हणतेय. नान्नजला 1979 साली माळढोकासाठी अभयारण्य झालं, आणि आज तिथे माळढोक दिसणं ही बातमी होते. काळवीट, लांडगा, खोकड, तणमोर, धाविक यांना मोकळं गवत लागतं, सावली नाही. धाविक पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतो. त्याच्या घरात आपण गिरिपुष्पाच्या झाडांच्या रांगा लावतो, फोटो काढतो, आणि वर त्याला हरित काम म्हणतो. मुळात सरकारी भाषेत असल्या जमिनींचं नावच पडीक. पडीक कोणासाठी? मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगराने त्या जमिनीला कधी पडीक म्हटलेलं मी ऐकलं नाही. एकदा पडीक म्हटलं की तिथे रोपं लावा, सोलर बसवा, प्लॉट पाडा, कोणाला काही तोडल्यासारखं वाटतच नाही. जंगल तोडलं तर निदान मोर्चा निघतो.

संध्याकाळी कॅसोडेला पोचले तेव्हा पाय दगड झाले होते. नवरा गाडी घेऊन आला होता. मोज्यातली कुसळं काढायला अर्धा तास लागला.

पुढच्या पावसाळ्यात तुमच्या ग्रुपचा वृक्षारोपणाचा बेत असेल तर जरूर करा. बांधावर लावा, शाळेभोवती लावा, ओढ्याकाठी लावा. माळावर पहिली कुदळ मारायच्या आधी मात्र तिथे मेंढरं चारणाऱ्या एखाद्या आजोबांना विचारा, इथे काय काय उगवतं. ते नावं घ्यायला लागतील: पवन्या, शेडा, मारवेल, कुसळी...