सेडानला मागचा वायपर बसवायचा म्हणताय? जरा थांबा

सेडानला मागं वायपर का नसतो, हा प्रश्न कोल्हापुरात जूनपासून सप्टेंबरपर्यंत कुठल्याही चहाच्या टपरीवर ऐकायला मिळतो. त्याचं उत्तरही सगळ्यांना पाठ आहे. "अहो, सेडानची काच वाऱ्यानंच साफ होते, वायपर लागतच नाही." शोरूममधली पोरं हेच सांगतात, गॅरेजवाले हेच सांगतात, आणि ज्याच्याकडं सेडान नाही तो तर सगळ्यात जोरात सांगतो. हे खोटं नाही. पण अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं आपल्या गावात चार महिने भोगावं लागतं.

आधी खरं तेवढं घेऊ. हॅचबॅक किंवा एसयूव्हीचं छत मागं येऊन एकदम तुटतं. छतावरून आलेला वारा तिथं सुटतो आणि गाडीच्या पाठीमागं कमी दाबाची पोकळी तयार होते. चाकांनी उडवलेलं पाणी, चिखल, धूळ सगळं त्या पोकळीत ओढलं जातं आणि उभ्या काचेवर येऊन बसतं. म्हणून त्यांना वायपर लागतोच. सेडानची काच तिरकी, पुढं डिकीचा पाट. वारा काचेला धरून खाली सरकतो आणि डिकीच्या टोकाला जाऊन सुटतो. घाण बसते ती डिकीच्या पाठीवर आणि नंबरप्लेटवर. भर पावसात पुण्याहून आलेली सेडान बघा, मागचा नंबर वाचता येत नाही, पण काच बऱ्यापैकी स्वच्छ असते.

पण वाऱ्याला वेग लागतो की. हायवेवर किणी टोलनाक्याच्या पुढं ऐंशीनं गाडी चाललीय तोवर हे शास्त्र बरोबर चालतं. तीच गाडी तावडे हॉटेलपाशी आत वळली, कावळा नाक्यावर सिग्नलला थांबली आणि संध्याकाळी सातला महाद्वार रोडच्या आसपास अडकली, की वारा संपला. आता ती तिरकी काच उलटी अंगावर येते. उभ्या काचेवरचा थेंब आपल्या वजनानं घसरून जातो, आडव्या पडलेल्या काचेवरचा तिथंच बसून राहतो. मागून चार मोपेड आणि एक रिक्षा आली की प्रत्येक थेंबात एक एक दिवा पेटतो. आरशात नुसती दिवाळी! त्यात माणूस कुठला आणि खांब कुठला, ओळखून दाखवा.

आणि आपला पाऊसही तसलाच. धो धो कोसळला तर परवडतो, काच धुऊन तरी जाते. पण ती दिवसभराची भुरभुर असते ना, छत्री उघडावी की नको असली, ती सेडानच्या मागच्या काचेची खरी वैरीण. त्यात पुढं डिझेलचा धूर सोडणारा ट्रक असला तर काचेवर तेलकट थर चढतो आणि थेंब आणखी चिकटून बसतात. गल्लीतून गाडी रिव्हर्सनं काढताना अर्धी मान खिडकीबाहेर काढून भिजत बघायचं, हा अनुभव पेठेत राहणाऱ्या प्रत्येक सेडानवाल्याला आहे.

म्हणजे सेडानला मागचा वायपर हवा, ही मागणी चुकीची नाही. ती चेष्टेवारी नेणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, मित्सुबिशीच्या लान्सर इव्होला आणि सुबारूच्या इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्सला, म्हणजे डिकीवाल्या सेडानलाच, जपानमध्ये मागचा वायपर मिळायचा. उलटं उदाहरणही आहे. ह्युंदाईच्या आयोनिक ५ या विजेवरच्या गाडीला हॅचबॅकसारखी पाठ असूनही सुरुवातीला मागचा वायपर दिला नव्हता. मालकांनी भरपूर तक्रारी केल्या आणि २०२४ मध्ये सुधारलेल्या मॉडेलला वायपर आला. तेव्हा "लागतच नाही" हे कंपनीचं शेवटचं उत्तर असतं असं काही नाही.

आता प्रश्न बाहेरून बसवून घ्यायचा. इथं मात्र माझं मत एकदम पक्कं आहे. नको.

आपल्या गावाची गंमत अशी की उद्यमनगरात "होत नाही" हा शब्दच नाही. इंजिनाचे सुटे भाग ओतणारं, घासणारं, दोऱ्याएवढ्या मापात बसवणारं गाव आहे हे. तिथं मी एका ओळखीच्या मिस्त्रींना सहज विचारलं. त्यांनी गाडीच्या मागं एक चक्कर मारली, डिकी उघडली, पार्सल ट्रेखाली, म्हणजे मागच्या सीटमागच्या फळीखाली, हात घालून बघितलं आणि म्हणाले, "बसवून देतो की साहेब, त्यात काय. मोटर हितं, दांडी हितनं वर काढायची." ते करतील यात मला तिळमात्र शंका नाही. शंका आहे ती "हितनं" या जागेची.

ती जागा एकदा नीट बघा. हॅचबॅकमध्ये वायपरची मोटर दरवाज्याच्या पत्र्यात बसते. तो दरवाजा पोकळ असतो, वायरिंगला वाट असते, बऱ्याच गाड्यांत खालच्या मॉडेललाही भोकाची जागा असते, नुसतं रबराचं बूच मारलेलं असतं. सेडानमध्ये काच बॉडीला चिकटवलेली आणि तिच्या खालच्या कडेपासून डिकीच्या झाकणापर्यंत उरते चार बोटांची पट्टी. त्याच पट्टीत पाणी वाहून नेणारी पन्हळ आहे, तिथंच डिकीचं रबर बसतं. तिथं भोक पाडलं की पहिल्याच पावसात पाणी डिकीत उतरणार. आणि ते दिसत नाही बरं का, मॅटखाली स्टेपनीच्या खड्ड्यात साचतं. वास यायला लागतो तेव्हा कळतं, तोवर पत्र्याला गंज धरलेला असतो. शिवाय बऱ्याच गाड्यांत डिकी उघडताना झाकणाची पुढची कड काचेच्या दिशेनं वर येते. वायपरचा दांडा तिथं झोपलेला असला तर पहिल्या भाजीच्या पिशवीलाच तो वाकला म्हणून समजा.

मग काचेलाच भोक पाडू? अजिबात जमत नाही. मागची काच टफन्ड असते, तापवून एकदम गार केलेली. तिच्या पृष्ठभागावर दाब आणि आत ताण असा तोल धरलेला असतो. ड्रिल आत शिरलं की तो तोल मोडतो आणि सगळ्या काचेचे हरभऱ्याएवढे तुकडे सीटवर. भोक पाडायचं तर काच भट्टीत जायच्या आधी, कारखान्यातच. उद्यमनगरातला कितीही हुशार हात असला तरी इथं इलाज नाही.

धुवायचं पाणी ही तर पुढची गोष्ट. भुईबावडा किंवा करूळ घाट चढून आल्यावर काचेवर जो तांबडा चिखल बसतो, त्यावर कोरडा वायपर फिरवला तर काचेवर कायमचा अर्धचंद्र उठणार. म्हणजे टाकी, पंप, नळी हेही आलं. आणि कायदाही आहेच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ च्या जानेवारीतला सुप्रीम कोर्टाचा निकाल, दोन्हींचा रोख एकच, कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करायचा नाही. वायपरवरून कुणी पोलीस अडवेल असं मला वाटत नाही, पण उद्या विम्याच्या क्लेमच्या वेळी सर्व्हेअरनं तोडलेला पत्रा आणि जोडलेली वायर दाखवली तर आपण काय बोलणार?

मग करायचं काय, तर मी करतो ते सांगतो. पावसाच्या तोंडाला मागची काच पॉलिश लावून, तेलकटपणा जाईपर्यंत घासायची. आतूनही पुसायची, पण पॉलिशविना, मऊ फडक्यानं, कारण आतला थर कुणीच पुसत नाही. पाणी उडवून लावणारं कोटिंग पुढच्या काचेला उत्तम, पण सेडानच्या मागच्या काचेला मला पटलेलं नाही. ते पाण्याचे गोल मणी करतं, आणि मणी पळायलाही वारा लागतो. सिग्नलला ते तसेच बसतात. मागच्या काचेला पाणी सपाट पसरणारं बरं, आरपार दिसतं तरी. जुने ट्रकवाले वायपर बंद पडला की काचेवर निपाणीची तंबाखू चोळायचे, ते याचसाठी. बाहेरच्या आरशांनाही पाणी पसरवणारी पारदर्शक फिल्म मिळते, ती जरूर लावा. मागच्या काचेला काळी फिल्म मात्र नको. तिथून ७० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे असा नियम आहे, आणि पावसाळी रात्री तो नियम कुणी सांगायची गरजच पडत नाही. रिव्हर्स कॅमेरा असला तर निघताना त्याच्या डोळ्यावरून बोट फिरवायचं, तोही डिकीच्या पाठीवरच असतो, घाणीच्या बरोबर मार्गात.

आणि डिफॉगर, म्हणजे मागची काच तापवणाऱ्या बारीक रेघा. माझा खरा राग इथं आहे. काचेवरच्या त्या तांबूस रेघा आतलं धुकं पाच-दहा मिनिटांत घालवतात, बाहेरचं बारीक दवही सुकवतात. मुसळधार पावसात त्यांचा उपयोग नाही, पण आपल्या भुरभुरीत आहे. आणि कित्येक गाड्यांत हीच गोष्ट खालच्या मॉडेलला देत नाहीत. सनरूफ द्यायला तयार! कोल्हापुरात जुलैमध्ये सनरूफ उघडून काय आंघोळ करायची आहे? बुकिंग करताना आपणही सीट कव्हर आणि मॅट फुकट मागतो, डिफॉगर आहे का हे विचारत नाही. सेडान घेणाऱ्यानं तो असलेलंच मॉडेल घ्यावं, थोडे पैसे जास्त गेले तरी.

ज्यांच्या गाडीत आधीच आहे त्यांनी आज एक काम करा. सकाळी काचेवर वाफ धरली असताना डिफॉगर चालू करा आणि बघा. जिथं पट्टा ओलाच राहतो तिथली रेघ तुटलेली आहे, बहुतेक डिकीत न मावलेलं सामान पार्सल ट्रेवर कोंबताना ओरखडा गेलेला असतो. वीज वाहून नेणारा चांदीचा रंग मिळतो, बारीक ब्रशनं तेवढ्या जागी लावायचा. पत्रा कापायच्या खर्चापुढं हे काहीच नाही.