कपडे अंगावर कमी, मशीनमध्ये जास्त विरतात

वॉशिंग मशीनच्या जाळीत जमणारा तो करडा बोळा कधी नीट पाहिलाय? आपण मळ समजून फेकून देतो. पण त्यात बहुतेक आपल्याच टॉवेलचे, बनियनचे, आवडत्या कुर्त्याचे तंतू असतात. दर धुण्याला कपडा थोडाथोडा त्या जाळीत जातो.

म्हणून माझं मत सरळ आहे: कमी धुवा. घामाचे कपडे, आतले कपडे, मोजे रोजच धुवायचे, मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर इलाजच नाही. पण साखरपुड्याला दोन तास एसी हॉलमध्ये मिरवलेला कुर्ता लगेच मशीनमध्ये कशाला? सावलीत वाऱ्यावर टाका, घडी करून ठेवा. जीन्सचंही तेच.

दुसरं, फेसाचं वेड. जितका फेस तितके कपडे स्वच्छ, हे डोक्यातून जातच नाही. बोअरचं जड पाणी असेल तर पावडर थोडी जास्त लागते, मान्य. पण मूठमूठ ओतलेली पावडर खळबळून निघत नाही, धाग्यातच बसते. मग कपडा कडक होतो, काळ्यावर पांढरट डाग दिसतात, आणि आपण तो परत धुवायला टाकतो!

रेशमाच्या बाबतीत तर लोक ‘डेलिकेट’ मोड लावून निर्धास्त होतात. अहो, मोड बदलला तरी पावडर तीच ना? डाग काढणाऱ्या बऱ्याच पावडरींमध्ये प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात. रक्ताचे, दुधाचे डाग त्यांनीच निघतात. पण रेशीम आणि लोकर ही मुळात प्रथिनंच आहेत. त्यांना सौम्य लिक्विड, गार पाणी आणि आपले हात.

बाकी गोष्टी सगळ्यांना माहीत असतात, करत कोणी नाही. चेन लावा, हुक अडकवा, नाड्या बांधा, कपडे उलटे करा. ब्लाउजचा एक उघडा हुक शिफॉनच्या ओढणीची वाट लावायला पुरेसा आहे. असल्या नाजूक वस्तूंसाठी जाळीची पिशवी मिळते, फार महागही नसते. टॉप लोड असेल तर जास्तच जपा, त्यात कपडे एकमेकांवर अधिक घासले जातात. आणि पावसाळ्यात वाळत नाहीत म्हणून १२०० चा स्पिन (मिनिटाला १२०० फेऱ्या) टॉवेल-चादरींना ठीक. मऊ सुती कुर्त्यांना ६०० पुरे.

पैठणी मशीनमध्ये टाकू का, असं विचारणाऱ्यांनी ती आधी माझ्या घरी आणून द्यावी. परत मिळणार नाही.