अडतीस बघे आणि मुंबईची गर्दी

मानसशास्त्राच्या परीक्षा जवळ आल्या की एक मजकूर हमखास फिरतो: ‘न्यूयॉर्कमध्ये 38 जणांनी खिडकीतून खून पाहिला, एकानेही पोलिसांना कळवलं नाही. गर्दी जितकी मोठी तितकी मदत कमी, हे मानसशास्त्राने सिद्ध केलंय. मुंबईत पडलात तर कोणी उचलणार नाही.’

आधी 38 जणांचं बघू. मजकुरातला खून किटी जेनोवीस या तरुणीचा. तो 13 मार्च 1964 रोजी पहाटे न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात झाला. आकडा आला तो दोन आठवड्यांनंतरच्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बातमीतून. एका शेजाऱ्याच्या ओरडण्याने हल्लेखोर आधी पळाला होता. दुसरा हल्ला झाला तो जिन्यापाशी, बहुतेक खिडक्यांतून न दिसणाऱ्या जागी. शेवटी एक शेजारीण तिला धरून बसली होती. 2016मध्ये त्याच वृत्तपत्राने ती बातमी सदोष असल्याचं मान्य केलं.

खरा घोळ ‘सिद्ध केलंय’मध्ये आहे. डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांच्या 1968च्या प्रयोगात विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत बसून इंटरकॉमवर दुसऱ्या एकाला फिट आल्याचं ऐकत होते. ‘ऐकणारा मी एकटाच’ असं वाटणाऱ्यांपैकी 85 टक्के फिट थांबण्याआधी मदतीला उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटणाऱ्यांपैकी 31 टक्केच. ही घट एकेका माणसाच्या शक्यतेत आहे, संकटातल्या माणसाला मदत मिळण्याच्या शक्यतेत नव्हे. पाच जण असतील आणि प्रत्येकजण स्वतंत्रपणे 31 टक्के शक्यतेने उठणार असेल, तर कोणीच न उठण्याची शक्यता 0.69चा पाचवा घात, म्हणजे सुमारे 16 टक्के. किमान एकजण येण्याची 84. एकट्याच्या 85शी ताडून पाहा!

अर्थात ‘स्वतंत्रपणे’ ही अट मोठी आहे. त्याच जोडीने खोलीत धूर सोडून पाहिला, तेव्हा एकटे असलेल्यांपैकी 75 टक्क्यांनी कळवलं; तिघं एकत्र असताना मात्र 38 टक्के गटांतच कोणीतरी उठलं. इथे माणसं एकमेकांचे चेहरे बघत होती आणि प्रत्येकाला दुसऱ्याचा चेहरा शांत दिसत होता. उत्तरपत्रिकेत हे दोन प्रयोग एकाच ‘जबाबदारीच्या वाटणी’खाली (‘दुसरं कोणीतरी करेल’ असं प्रत्येकाला वाटणं) कोंबू नका. पहिल्यात जबाबदारी वाटली गेली, दुसऱ्यात मुख्यतः प्रसंगाचा अर्थच चुकला.

मुंबईलाही हेच लागू पडतं. लोकलमध्ये कोणाला चक्कर आली की काय झालंय हे सगळ्यांना दिसतं. सीट रिकामी होते, पाण्याची बाटली पुढे येते. 11 जुलै 2006च्या स्फोटांनंतर रुळांलगतच्या वस्त्यांतली माणसं चादरी घेऊन धावली. फुटपाथवर आडव्या पडलेल्याला मात्र वळसा घातला जातो, कारण तो झोपलाय, प्यायलाय की आजारी आहे हेच कळत नाही. तिथे ‘कोणीतरी बघा’ म्हणून उपयोग नाही. ‘निळा शर्ट, तुम्ही 108ला फोन लावा’ असं एकाला नेमून सांगावं लागतं. परदेशातही ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाउनमधल्या 219 भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण तपासलं, तेव्हा दहापैकी नऊ वेळा कोणीतरी मध्ये पडलेलं दिसलं. बघे वाढले तशी ती शक्यताही वाढली.

राहिली ‘पोलिसांचं लचांड नको’ ही भीती. ती बायस्टँडर इफेक्टमध्ये, म्हणजे आजूबाजूला इतर बघे असल्यामुळे मदतीला न उठण्यात, मोडत नाही. बघणारा एकटा असला तरी ती असतेच. तिच्यावरचा इलाज कायद्यात आहे: 2019च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम 134अ अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण देतं.