धूर, बंद खिडक्या आणि बफरची बाटली: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. वणव्याचा धूर आणि घरातला रीफ टँक (प्रवाळांचं खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय) या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून आणि खडसावून लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचे आक्षेप तीन. समुद्रावरही धूर येतो, तरी प्रवाळ टिकून आहेत, तेव्हा मी उगाच बाऊ केला. पाण्याचा पीएच घसरला, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकलं, तर बफर (पीएच वाढवणारं रसायन) टाकून तो वर आणता येतो, त्यासाठी खिडक्यांचं पुराण कशाला? आणि स्किमर (पाण्यात हवा घुसळून फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) बंद ठेवायचा सल्ला धोक्याचा आहे.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझी आहे. ‘धूर दाट असेल तर स्किमर बंद ठेवा’ एवढंच लिहून मी पुढे गेलो होतो. २६ अंशांच्या खाऱ्या पाण्यात लिटरमागे जेमतेम सात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. रात्री दिवे मालवले की मासे, प्रवाळ, दगडांतले जिवाणू सगळे त्यावरच जगतात. खिडक्या बंद असल्याने खोली तापली की तोही कमी होतो. अशा वेळी स्किमर थांबवायचाच असेल तर रिटर्नचं, म्हणजे टँकमध्ये पाणी परत सोडणाऱ्या नळीचं, तोंड वर करून पाण्याचा पृष्ठभाग खळबळता ठेवायला हवा. लेखातलं ते वाक्य आज बदललं आहे.

बफरच्या बाबतीत मात्र मी मागे हटणार नाही. धुराच्या दिवसांत टँकचं नुकसान धुरापेक्षा त्या बाटलीतूनच जास्त होतं, असं माझं ठाम मत आहे. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड ४२० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास असतो. दारं-खिडक्या लावून चार माणसं घरात बसली, वर शेगडी पेटली, की तो हजाराच्या पुढे सहज जातो. टँकचं पाणी त्या खोलीतल्या हवेशी जुळवून घेतं: हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की पाण्यातही जास्त विरघळतो आणि पीएच घसरतो. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता, ती डीकेएचमध्ये मोजतात) ८ डीकेएच धरली तर ४२० पीपीएमला पीएच ८.२ च्या थोडा वर राहतो, हजाराला ७.९ च्या आसपास येतो. अल्कलिनिटी मात्र जागची हलत नाही. म्हणजे पाण्यात काही कमी पडलेलं नसतं, हवेत जास्त झालेलं असतं.

आता त्यात बफर टाका. पीएच काही तास वर जातो, पाणी हवेतून पुन्हा कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, आकडा परत खाली येतो, आणि आपण पुन्हा बाटली उचलतो. हजार पीपीएमच्या खोलीत ८.२ टिकवायचा तर अल्कलिनिटी दुपटीच्याही पुढे न्यावी लागेल. तिथवर पोचायच्या आधीच हीटरवर आणि पंपाच्या इम्पेलरवर चुन्याचे थर चढायला लागतात, अक्रोपोरा या फांद्यांच्या प्रवाळाची टोकं जळू लागतात. आणि धूर ओसरून खिडक्या उघडल्या की त्याच पाण्याचा पीएच ८.५ कडे उसळतो. एवढ्या चढउतारापेक्षा आठवडाभर ७.९ प्रवाळांना परवडतो.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, दोन ग्लास घ्या. दोन्हीत टँकचं पाणी भरा, दोन्हीत एअर पंपाचा बुडबुडे सोडणारा दगड सोडा, एक ग्लास टँकशेजारी ठेवा आणि दुसरा गॅलरीत. तासाभराने दोन्हींचा पीएच मोजा. माझ्याकडे टँकमध्ये ७.८६ होता, खोलीतला ग्लास ७.८८ वर अडकला, गॅलरीतला ८.१७ वर गेला. त्या तासात मी पाण्यात थेंबभरही काही टाकलेलं नव्हतं.

म्हणूनच एअर प्युरिफायर लावला की काम झालं, हेही खरं नाही. हेपा गाळणी कण अडवते, कार्बन डायऑक्साइड तिच्यातून सरळ निघून जातो. त्याला सोडा लाइमच (कार्बन डायऑक्साइड शोषणारे दाणे) लागतं, स्किमरच्या हवेच्या नळीवर. सोडा लाइमला मात्र धूर आवरत नाही, म्हणून त्याच्या आधी सक्रिय कार्बन. रेफ्युजियम (टँकला जोडलेला, शैवाल वाढवायचा कप्पा) असेल तर त्याचा दिवा रात्रभर ठेवा आणि खाद्य थोडं आखडतं घ्या.

आता बाऊ केल्याचा आरोप. धुराने थेट प्रवाळ मेल्याचं मीही पाहिलेलं नाही, आणि तसं लिहिलेलंही नाही. पण स्किमर तासाला शेकडो लिटर हवा पाण्यात घुसळतो, आणि धुरातले फॉर्मल्डिहाइड, फिनॉल पाण्यात विरघळतात. मी हवेच्या नळीच्या तोंडाला पांढऱ्या फिल्टर फ्लॉसचा बोळा बांधला होता. तिसऱ्या दिवशी सोडला तर बाहेरून चहाच्या गाळासारखा तपकिरी, आणि उलगडल्यावर जळक्या लाकडाचा वास. तो बोळा नसता तर हे सगळं पाण्यात गेलं असतं. (फार घट्ट बांधू नका, हवा अडली की फेस बसतो.) आणि नुसतं जंगल नव्हे, घरंही जळत असतील तर राखेत तांबं, जस्त, शिसं असू शकतं. तांबं तर गोगलगायी-कोळंब्यांना अत्यल्प प्रमाणातही मारतं. कालवून ठेवलेल्या मिठाच्या पाण्याच्या बादल्या म्हणूनच झाका.

समुद्राचं उदाहरण तुम्ही दिलंत, म्हणून हेही सांगतो. १९९७ मध्ये इंडोनेशियात प्रचंड वणवे लागले, आणि त्याच सुमारास सुमात्राजवळच्या मेंतावाई बेटांभोवतीचे प्रवाळ मोठ्या पट्ट्यात मेले. २००३ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासाने त्याचा संबंध धुराशी जोडला: खालून वर आलेलं पोषक पाणी, त्यात धुरातून पडलेलं लोह, त्यावर फोफावलेली लाल भरती (सूक्ष्म शैवालांची बेसुमार वाढ), आणि तिच्यात गुदमरलेले प्रवाळ. आपल्या टँकमध्ये हे असंच घडेल असं नाही. पण समुद्र धूर पचवतो म्हणून टँकही पचवेल, हा आधार मला पुरेसा वाटत नाही.

तुमच्याकडे सात दिवस धूर होता आणि काहीच बिघडलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. त्या दिवसांतले पीएच आणि अल्कलिनिटीचे आकडे टिपले असतील, आणि किती बफर टाकलात तेही, तर जरूर कळवा. मला ते खरोखर पाहायचे आहेत.